दहा टनांचा खुंटा

चहा ओता आधी. आणि आता जे सांगणार आहे ते माझ्यादेखत तरी कुणाला सांगू नका. माझ्यामागं सांगा, काही हरकत नाही, कारण निम्म्या इंदापूरला हे ठाऊक झालेलंच आहे. उरलेल्या निम्म्यांना मीच सांगतोय, निदान माझी बाजू तरी त्यात येईल!

तर मी हारून. इंदापुरात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून देतो. सासर बारामतीचं. आणि सासरी एक रिवाज आहे. कटला आणला की त्याचं मुंडकं, म्हणजे माशातला सगळ्यात मानाचा तुकडा, ज्यानं मासा पकडला त्याच्याच ताटात पडतं. पाहुणा असो, जावई असो, कुणाची गय नाही. अकरा वर्षं मी त्या घरचा जावई आहे. अकरा वर्षांत ते मुंडकं एकदाही माझ्या ताटात पडलं नाही. दर वेळी ते सासऱ्यांच्या, म्हणजे अब्बांच्या ताटात. अब्बा ते चवीनं खातात, एकेक काटा बाजूला काढतात आणि मधूनच माझ्याकडं बघतात. ते बघणं फार वाईट असतं हो!

गेल्या हिवाळ्यात मी जोर लावला होता. नवा रॉड घेतला, उजनीच्या बॅकवॉटरला जाऊन बसलो. चहा ओतायला मान वळवली आणि एवढ्यात कुठल्याशा माशानं रॉडच पाण्यात ओढून नेला. मी मागनं धावलो तो मांडीपर्यंत चिखलात. जानेवारीचं पाणी! काठावरच ज्यांचं रान आहे त्या तात्यांनी उसाचं कांडं पुढं करून मला बाहेर काढलं. आठ दिवस तापानं फणफणलो. रॉड गेला तो गेलाच. बूटही एकच परत आला.

मग वर्षभर मी काय केलं? व्हिडिओ बघितले. थंडीत मासेमारी करताना जीव कसा सांभाळावा, सामान कसं सांभाळावं, सगळं पाठ केलं. दुकानात मोटार न्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही मी सांगायचो, "थंड पाण्यात पडलं की माणूस आधी दम टाकतो, मग हात टाकतो." गिऱ्हाईक म्हणायचं, "व्हय, पण माझी मोटार कधी देताय?"

या हिवाळ्यात अब्बांकडं गेलो आणि मन घट्ट करून त्यांचा रॉड मागितला. अब्बांचा रॉड म्हणजे काय चीज आहे ते तुम्हाला माहीत नाही. तो कपाटात असतो, आणि कपाटाची किल्ली अब्बांच्या बंडीत असते. अब्बा एरवी घरात दखनी बोलतात, पण कुणाला झापायचं असलं की थेट बारामतीच्या मराठीत उतरतात. त्या दिवशी ते पहिल्या वाक्यापासून मराठीत होते.

"ह्यो रॉड आणि तू, दोगंबी सुखरूप माघारी या," किल्ली काढत ते म्हणाले. "आदी रॉड."

"अब्बा, या वेळी मी सगळी तयारी केलीय."

"गेल्या टायमालाबी केलीवती. एक बूट आला."

आतून शबाना, म्हणजे माहेरी आलेली आमची बायको, खुदकन हसली. बापाचीच लेक ती!

रविवारी सकाळी तात्यांच्या रानात पोचलो. तात्या म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांचा ऊस थेट बॅकवॉटरच्या काठापर्यंत गेलाय. पाण्यावर धुकं होतं, तात्या तीन दगडांवर चहा उकळत बसले होते. अंगात एक स्वेटर, पायात चपला, हातात बांबूची काठी आणि तिला दोरा. झाली त्यांची तयारी.

आणि मी? दोन स्वेटर, वर जर्किन, त्याच्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. दोन जोड मोजे, गमबूट. डोक्याला कानटोपी, तिच्यावर मफलर, त्याच्यावर जर्किनची टोपी. फोन दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर रबर बँड. दव बसून रीळ खराब होऊ नये म्हणून त्याला शबानाची अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातलेली. सामानाच्या पिशवीला मी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती. पिशवी अब्बांची, म्हणून नाव-पत्ता अब्बांचा, आणि खाली ठळक अक्षरांत 'सापडल्यास कृपया पोचवावी'. काही विसरलो नव्हतो बघा!

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हारूनभाई, मासं धरायला आलाय का चंद्रावर निगालाय?"

"तात्या, हसू नका. काठावर पाय घसरला तर?"

"तर उटायचं."

असल्या माणसाला काय समजावणार?

मी दोर काढला. गेल्या वर्षी रॉड गेला आणि मागनं मी गेलो, ते का? तर दोघंही मोकळे होते म्हणून. आता रॉडची मूठ मनगटाला बांधली. कमरेला दोर बांधला. राहिलं दुसरं टोक. ते कशाला बांधायचं? काठाला एक धड झाड नाही, नुसती वेडी बाभूळ, हात लावला की काटा. तेवढ्यात मागं लक्ष गेलं. पंधरा-वीस पावलांवर, रानाच्या वाटेवर, उसानं गच्च भरलेली ट्रॉली उभी होती. दहा टन तरी माल असेल. म्हटलं, देवानं माझ्यासाठीच खुंटा ठोकून ठेवलाय! दोर ट्रॉलीच्या मागच्या दांडीला बांधला. सामानाची पिशवीही तिथंच अडकवली. गाठ कुठली मारली? व्हिडिओतली. जितकी ओढ लागेल तितकी घट्ट होणारी.

"आरं पर हारूनभाई," तात्या चहा गाळता गाळता म्हणाले, "ती ट्रॉली..."

"तात्या," मी हात वर केला, "रॉड गेला तर माझ्यासकट जाईल, आणि मी गेलो तर ट्रॉलीसकट. आणि ट्रॉली जाणार आहे का कुठं?"

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी आपला चहा घेतला आणि काठीचा दोरा पाण्यात सोडला. त्यांना वाटलं असेल, एवढा शिकलेला माणूस आहे, काहीतरी विचार केला असेल.

आता तुम्हीच सांगा, माझा जन्म इंदापूर तालुक्यातला. चारी बाजूंनी ऊस. डिसेंबर लागला की रस्त्यावर सायकल चालवायला जागा नसते, इतक्या ट्रॉल्या. आणि ऐन हंगामात भरलेली ट्रॉली ही कारखान्याला जायलाच भरलेली असते, हे मला सुचू नये?

थंडीत कटला सुस्त असतो. खोल पाण्यात पडून राहतो, ऊन तापलं की मग हलतो. दहा वाजले. अकरा वाजले. गळाला लावलेला पेंडीचा गोळा बदलून बदलून माझी बोटं बधिर झाली. तात्यांनी तोवर दोन चिलापी काढल्या, चपला घालून.

आणि मग रॉड वाकला!

वाकला म्हणजे काय, टोक पाण्याला टेकलं! रीळ किरकिरायला लागलं. मी उभा राहिलो. कटला! तोही मोठा! डोळ्यांपुढं पहिल्यांदा काय आलं असेल? ते मुंडकं, माझ्या ताटात, आणि समोर अब्बा शेपटीचा तुकडा चिवडत बसलेले.

"तात्या, जाळी!"

मासा आत ओढत होता. गमबूट चिखलात सरकायला लागले. एक वीत. दुसरी वीत. गेल्या वर्षीचं पाणी आठवलं. आणि तेवढ्यात कमरेचा दोर ताणला, मी जागच्या जागी थांबलो. किती धीर आला म्हणून सांगू! मनात म्हटलं, याला म्हणतात सेफ्टी!

मग दोर मला हळूहळू मागं ओढायला लागला.

मला वाटलं, तात्या. माझी ओढाताण बघून म्हातारा दोराला लागला असणार. डोळे भरून आले हो! सकाळी ज्याला अडाणी समजलो तोच धावून आला.

"शाब्बास तात्या!" मी ओरडलो. "ओढा!"

दोर ओढत होता. मी उलट्या पावलांनी काठ चढत होतो आणि मासाही माझ्यामागनं येत होता. पाण्यावर त्याची पाठ दिसली. परातीएवढी!

"अजून ओढा! जोरात!"

आणि काय सांगू, दोरानं ऐकलं! ओढ एकदम वाढली. मी मागच्या मागं जवळजवळ धावायला लागलो. या वयात तात्यांच्या अंगात एवढं बळ आलं कुठनं? मासा काठाला लागला आणि समोर, गुडघाभर पाण्यात, हातात जाळी घेतलेला एक माणूस ओरडला,

"हारूनभाई! मी हितं हाय!"

तात्या समोर होते.

"मग मागं कोण हाय?" मी ओरडलो.

मान वळवली. ट्रॉली चालली होती! पुढं ट्रॅक्टर जोडलेला, पण उसाच्या भाऱ्यामुळं तो मला दिसत नव्हता. कानांवर तीन थर, त्यामुळं आवाजही आला नव्हता. ड्रायव्हरला मी दिसत नव्हतो, आणि त्याच्या स्पीकरवर गाणी एवढ्या जोरात लागली होती की त्याला स्वतःचा ट्रॅक्टरही ऐकू येत नसेल. इकडं तात्या माशावर पालथे पडले होते. "मासा घावला! तुमी दोरा सोडा, दोरा!"

रिळाचा दोरा मी मोकळा सोडला. कमरेचा कसा सोडणार? जितकी ओढ तितकी घट्ट! मग उरलं काय? पळणं! दोन स्वेटर, जर्किन, लाइफ जॅकेट, गमबूट, मनगटाला अब्बांचा रॉड, रिळावर अंघोळीची टोपी, आणि मागं बाभळीबाभळीला गुंडाळत जाणारा दोरा. असा मी ट्रॉलीमागनं गावात शिरलो.

शेळ्या घेऊन निघालेली एक म्हातारी थबकली. "आगं बया! ऊस चोरताना घावला वाटतं. बांदून न्यायल्यात."

"न्हाय गं," ओट्यावरचा एक जण म्हणाला. "नारिंगी जाकीट हाय. सरकारी माणूस दिसतुय. ट्रॉलीवर लक्ष ठिवायला नेमला असंल."

"थांबवा!" मी ओरडलो.

"बग, थांबवायला सांगतुय. सरकारीच हाय."

आणि थांबवलं कुणीच नाही! मी सरकारी असल्यामुळं सगळे उलट घरात गेले. शेवटी डांबरी रस्त्याच्या तोंडाला गतिरोधक लागला, ट्रॉली मंदावली, आणि चहाच्या टपरीवरच्यांनी ट्रॅक्टरला हात केला. ड्रायव्हर खाली उतरून मागं आला. दत्ता त्याचं नाव, पंचविशीतला पोरगा. त्यानं मला बघितलं, दोर बघितला, परत मला बघितलं.

"काका, तुमी कवापास्नं?"

"काठापासनं!" माझा श्वास भात्यासारखा चालला होता.

"आवो हाक तरी मारायची! कारखान्याच्या वजनकाट्यावर गेलो असतो तर तुमचं वजन उसात धरलं असतं की."

गाठ काही सुटेना. त्यानं कोयत्यानं दोर कापला आणि तो गेला. मी रॉड तपासला. एक ओरखडा नाही! आणि मागनं तात्या मासा खांद्यावर घेऊन आले. बारा किलोच्या खाली नव्हता. मला हसूही येत होतं आणि रडूही.

बारामतीपर्यंत मोटारसायकलवर मी एकच काम केलं. गोष्ट रचली. पोचलो, मासा अंगणात ठेवला. अब्बांनी आधी रॉड घेतला, चष्मा लावून कडी न् कडी बघितली. मग माशाकडं बघितलं.

"कसा काढलास?"

"एकट्यानं, अब्बा. वीस मिनिटं झुंजत होतो. तो तिकडं ओढतोय, मी इकडं. पाऊल न् पाऊल मागं येत काठावर आणला."

यातलं मागं येणं तर खरं होतं ना? अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा! "शिकला जावई," म्हणाले. शबानाच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघून मला जरा लाज वाटली, नाही असं नाही. पण गोष्ट काही बदलली नाही.

दिवेलागणीला पानं वाढली. मासा, लाल रस्सा, आणि मधोमध मोठ्या ताटलीत ते मुंडकं. अब्बांनी ते दोन्ही हातांनी उचललं, माझ्या ताटाकडं आणलं, आणि दारावर टकटक झाली.

दारात दत्ता. हातात सामानाची पिशवी, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीसकट.

नुसता माझा दोर कापला होता हो त्यानं! पिशवी ट्रॉलीला तशीच राहिली होती. आणि पत्ता मीच घातला होता, ठळक अक्षरांत!

"हितंच राहत्यात न्हवं? कारखान्यावर गाडी खाली केली तवा दिसली. म्हटलं वाटंवरच हाय, देऊन जावं." मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उजळला. "काका! कमर कशी हाय?"

"कमरंला काय झालं?" अब्बा म्हणाले. मराठीत.

मग काय, त्या भल्या पोरानं सगळं सांगितलं. काठापासून टपरीपर्यंत, म्हातारीसकट, सरकारी माणसासकट. "ह्ये मागनं 'वडा, वडा' वरडत हुतं म्हणं. तात्यांनी आन् गावातल्यांनी सांगितलं मला फोनवर." शबाना पदरात तोंड घालून आत पळाली. अब्बांचा चेहरा मात्र हलला नाही. मुंडकं अजून त्यांच्या हातात, माझ्या ताटावर अधांतरी.

"बस दत्ता," ते म्हणाले. "जेवून जा."

आणि मुंडकं त्याच्या ताटात ठेवलं.

"आवो, मला कशाला? मी कुटं मासा धरला?"

"वडला कुणी?"

"ट्रॅक्टरनं."

"ट्रॅक्टर कुणी चालवला?" अब्बांनी त्याच्या ताटात रस्सा वाढला. "पुडल्या रविवारी रिकामा असशील तर रॉड घिऊन जा."

दत्ता घाबरला. "आवो, मला मासं धरता येत न्हाईत!"

"त्यालाबी येत न्हाईत," माझ्याकडं न बघता अब्बा म्हणाले. "पर तू हुतास म्हणून मासा निगाला."

पुढच्या रविवारी आम्ही सगळे गेलो. रॉड दत्ताच्या हातात, सल्ला अब्बांचा, काठी तात्यांची. माझ्याकडं चहा होता. तीन दगडांच्या चुलीपाशी मी एकटाच बसलो होतो, लाइफ जॅकेट घालून. आणि अब्बांनी येता-जाता दोनदा विचारलं, "ह्याला कशाला बांधलंय का रं कुणी?"