पांदणीतले माझे सहा फूट

जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात हात घातला की माझ्या आधी कोणी त्यात हात घातला होता का, हे मला कळतं. चांगलं वेचणारा आधी जीन्स काढून घेतो, मग लोकरीचं, मग लहान मुलांचे धड कपडे. उरतात ब्लाउज आणि जोडी हरवलेल्या सलवारी. अकोल्याच्या बाजारात हाच धंदा करून मी घर बांधलं, आणि भातकुलीकडच्या माझ्या गावात पांदणीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटेला, लागून शेत घेतलं.

त्या गावाशी माझा एक हिशेब बाकी होता. विशीत असताना सायकलला गाठोडं बांधून मी पहिल्यांदा विकायला गेलो तो माझ्याच गावात. चावडीसमोर चादर पसरली. नात्यातल्या एका आत्यानं काठीच्या टोकानं एक साडी उचलली आणि विचारलं, "कोनाच्या मयतीतून आनली रे बाप्पा?" सगळी चावडी हसली. एक कपडा विकला गेला नाही. पुढे कित्येक वर्षं मी त्या गावात चिंधीवाला होतो.

त्याच गावात गेल्या उन्हाळ्यात अमरावतीची एक संस्था आली. चष्मा लावलेली एक मुलगी समाजमंदिरात सगळ्यांना सांगत होती: कोणतं काम करायचं ते गावानं ठरवायचं, स्वतः राबून करायचं, आणि राबणाऱ्या प्रत्येकाला शहरात वापरून उरलेल्या वस्तूंचं एक गाठोडं मिळणार. कपडे, भांडी, दप्तरं. गावानं पांदण निवडली. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत तिथं बैलगाडी आसापर्यंत रुतते. भरायला शहरात पाडलेल्या घरांचा मलबा येणार होता.

मी मागून विचारलं, "सही कुठं घेता?"

"सही नाही घेत, काका."

सही न घेणारा माणूस दुसरं काहीतरी घेतो, हा माझा अनुभव. मी पुढचं विचारलं. "शहराले मलबा टाकाले जागा नाही. मंग तुमाले टाकाचे किती भेटले?"

"ज्या बिल्डरनं घरं पाडली त्यानं ट्रकचं भाडं आणि डिझेल दिलं. आम्हीच मागितलं."

तिनं हे इतकं सरळ कबूल केलं की मला राग आला. लपवलं असतं तर पकडता आलं असतं.

खरी गोष्ट अशी, की पांदणीतले सहा फूट माझ्या कुंपणाच्या आत होते. भंगारातून घेतलेले लोखंडी खांब मीच रोवले होते. रस्ता नीट करायचा तर ते काढावे लागणार, हे मला सभेतच कळलं, आणि हा सगळा खटाटोप माझी जागा सोडवायला आहे असं मी धरून चाललो. सरपंचांना मी भाव सांगितला. "माह्या बाजूनं सत्तर फूट दगडी बांध घालून द्या, मंग खांब काढतो." मनातून मी वीस फुटांवर यायला तयार होतो. ते फक्त "बरं" म्हणाले आणि गेले.

काम सुरू झालं. उन्हाच्या आधी बायाबापड्या टोपली-फावडं घेऊन यायच्या, दहाला परत. मी बाभळीखाली चहाचा थर्मास घेऊन बसायचो, कोणीतरी बोलणी करायला येईल म्हणून. येणारे-जाणारे "रामराम भाऊ", "जय भीम भाऊ" करत पुढे जायचे. चौथ्या दिवशी रस्ता माझ्या पहिल्या खांबापर्यंत आला. पाचव्या दिवशी टोपल्या माझ्या शेवटच्या खांबापलीकडे गेल्या आणि तिथून काम पुढे सुरू झालं. मधले सत्तर फूट तसेच काळे राहिले.

चावडीवरच्या त्याच आत्याचं शेत माझ्या पलीकडे. तिला गाठोडं मिळालं होतं. मी तिला अडवलं.

"आत्या, मी आनले तवा हे मयतीचे होते. आता कसे पावन झाले?"

"तू इकाले आनले होते. हे आमी घाम गाळून घेऊन राहिलो."

"घाम गाळला तरी चिंधी ते चिंधीच."

"मंग तुले काहून झोंबून राहिली?"

मी तिच्या हातातून गाठोडं घेतलं आणि तिथंच बांधावर त्याची गाठ सोडली. जीन्स होती. दोन लोकरीचे स्वेटर होते. लहान मुलीचा फ्रॉक, बटणांसकट. कोणी हात घातलेला नव्हता. मी तळापर्यंत पाहिलं, पुन्हा वरून पाहिलं.

"भेटला का चोर?" आत्या म्हणाली. "बांध आता पहिल्यासारखं."

मी बांधलं. मग विचारलं, "माह्याकडे बोलाले कोनी काहून येत नाही?"

"ज्याची जागा त्यानं सोताहून सोडाची, असं ठरलं. कोनाले मनवाले जायाचं नाही."

"आन् तुही गाडी? माह्या तुकड्यात फसंन ते?"

"फसंन. उतरून ढकलू. तुह्या गाडीलेबी हात लावू."

तिनं ते टोमण्यानं म्हटलं असतं तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी सब्बल, म्हणजे पहार, आणि टेप घेऊन गेलो. तलाठ्याकडचा नकाशा माझ्याकडे होताच. मोजून बरोबर सहा फूट सोडले, इंचभर जास्त नाही. अकरा खांब काढले, तार गुंडाळली. लोक आले तेव्हा मी घामानं भिजलो होतो. शाबासकी कोणी दिली नाही. सरपंचांनी माझ्यासमोर एक टोपली ठेवली.

मी त्या मुलीला ठणकावून सांगितलं, "मी सकाळपासून राबून राहिलो. माहं गाठोडं लिहा. आन् मी ते उघडून पाहीन."

"पाहा ना काका. सगळ्यांसमोर पाहा."

त्या मुलीला यात काय मिळतं, ते मला अजून सापडलेलं नाही. मी शोध सोडलेला नाही.

आत्या तोवर माझ्या नव्या रेषेवरून चालत गेली होती. कोपऱ्यातल्या खांबाशी थांबून तिनं काठी आपटली.

"हा राह्यला, बाप्पा."

"तो माह्या हद्दीत आहे! मोजला मी!"

"मंग मोज पुन्हा."

मी सगळ्यांसमोर टेप ताणली. खांब वीतभर पांदणीत होता. कोणी हसलं नाही. मी सब्बल उचलली.