लोकरीत गुंडाळलेला बिशप

लेस टॉलहर्स्टचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण लोकरीवर होता. एकोणचाळीस वर्षं तो लोकरीची प्रत लावायचं काम करत होता. कातरणीच्या शेडमध्ये मेंढीच्या अंगावरची लोकर टेबलावर पडली, की लेस त्यातले चिमूटभर धागे ओढायचा, कानाशी धरून टिचकी मारायचा आणि सांगायचा, ही पहिल्या प्रतीची, ही दुसऱ्या, आणि ही भरा गादीत. त्याचा शब्द कुणी खोडून काढल्याचं बुराडू गावात कुणाला आठवत नाही. मेंढीला मात्र त्याने जन्मात हात लावला नाही. त्याला मेंढ्यांची भीती वाटायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण तोंडावर बोलून दाखवायची फक्त नोएलीन.

नोएलीन ही त्याची थोरली बहीण. तिचा नवरा वारला, लेसची बायको त्याच्याआधीच कंटाळून टूवुम्बा शहरात निघून गेली होती, तेव्हा दोघांनी एकच घर करायचं ठरवलं. नोएलीनने आयुष्यभर आई मेलेली कोकरं बाटलीच्या दुधावर जगवली होती. तिची जीभ म्हणजे कातरणीचं हत्यार, पण हात मऊ होता. असं हे घर, आणि त्यात तिसरा बिशप.

बिशप म्हणजे लेसची घोरपड. जंगली प्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या एका बाईकडून चौदा वर्षांपूर्वी आली होती. मागच्या पायाची दोन बोटं तुटलेलं, वीतभर पिल्लू. रानात सोडलं तर टिकायचं नाही म्हणून तिने परवान्यासकट लेसच्या हवाली केलं. त्याचं आता पाच फुटांचं धूड झालं होतं. मान ताठ ठेवून, एकेक पाऊल तोलून टाकत तो अंगणातून असा चालायचा, की बघणाऱ्याने उगीच टोपी काढावी. नाव त्यावरूनच पडलं. नोएलीन त्याला 'तुझा तो सरडा' म्हणायची आणि अंडी उकडताना एक कच्चं बाजूला ठेवायची.

जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, आणि त्या वर्षी थंडी वाईट पडली. सकाळी गवत पांढरं दिसायचं, नळ दहा वाजेपर्यंत वाहायचा नाही. अशात बिशपच्या पिंजऱ्यातला उबेचा दिवा फुटला. नवा दिवा गुरुवारच्या ट्रकने येणार होता. तोपर्यंत काय करायचं, हा प्रश्न लेसला पडलाच नाही. बुराडूत कुणालाच पडला नसता. आमच्याकडे कोकरू गारठलं की लोकरीत गुंडाळतात, म्हाताऱ्याचे गुडघे धरले की लोकर बांधतात, पाण्याची टाकी फुटू नये म्हणून तिलाही लोकरच. लेसने कपाटातून जपून ठेवलेली मेरिनो मेंढीची लोकर काढली. वीस वर्षांपूर्वी बक्षीस मिळालेल्या कळपाची होती ती. त्यात बिशपला डोक्यापासून शेपटीपर्यंत गुंडाळलं, फक्त नाक बाहेर. बिशपही गप्प पडून राहिला.

"बघ, कसा सुखात आहे," लेस म्हणाला.

गुरुवारी दिवा आला, लेसने तो लावलाही. पण लोकर काही काढली नाही. इतक्या सुखात असलेल्याला कशाला उठवा? वरून दिवा, खालून लोकर, दुहेरी ऊब, असा हिशेब.

नऊ दिवस झाले. बिशप खाईना. त्याची ती दुफाटी जीभ, जी एरवी दिवसभर आतबाहेर करून हवा चाखत असायची, ती बाहेरच येईना. मग नाकाशी बुडबुडे दिसायला लागले, आणि श्वास घेताना टिक टिक असा आवाज. लेसने आणखी एक थर गुंडाळला.

"लेस," नोएलीन दारात उभी राहून म्हणाली, "मी हजार कोकरं बघितली आहेत. हा आवाज मला आवडत नाही. फोन कर."

सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारी डॉक्टर चार तासांवर होती. डॉक्टर टूमी तिचं नाव, वय लेसच्या बुटांपेक्षा थोडं जास्त. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो पडलाय तिथलं तापमान किती आहे?"

"डॉक्टर, तो देशातल्या उत्तमातल्या उत्तम लोकरीत पडलाय."

"ते कळलं. किती आहे?"

"मोजायचं कशाला? हात घातला की कळतं."

"मिस्टर टॉलहर्स्ट, थर्मामीटर घ्या, लोकरीच्या आत ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. मी फोन धरून आहे."

लेसने चष्मा लावून आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग थर्मामीटर नोएलीनच्या हातात दिला. ती म्हणाली, "सोळा."

मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, "लोकर ऊब देत नाही हो. असलेली ऊब राखते. कोकराच्या अंगात स्वतःची ऊब असते, तुमच्या अंगात असते. याच्या अंगात नसते, त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. दिव्याची ऊब लोकरीने त्याच्यापर्यंत पोचू दिली नाही. नऊ दिवस तुम्ही त्याच्या अंगातला गारठा बांधून ठेवलात."

डॉक्टरचं बोलणं लेसला नवीन असतं तर एक वेळ चाललं असतं. पण 'लोकर ऊब देत नाही, राखते,' हे वाक्य त्याचंच होतं. शाळेतली मुलं शेड बघायला आली की दरवर्षी तो ते सांगायचा, आणि मुलांकडून म्हणूनही घ्यायचा. आयुष्यभर घोकलेलं ऐन वेळेला उपयोगी पडलं नाही, आणि जिवावर बेतलं ते त्या मुक्या जनावराच्या.

तासाभरात ते निघाले. बिशप खोक्यात, चारी बाजूंनी गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, मोटारीचा हीटर पुरता सोडलेला. काचा बंद. नोएलीन लाल होऊन घाम पुसत होती.

"मी वितळून मेले तर माझ्यावर फुलं नकोत," ती म्हणाली. "एक वारा घालायचा पुठ्ठा ठेवा."

लेस हसला नाही. एरवी तो हसला असता. "नोल, मी मारलं त्याला," तो म्हणाला.

"अजून मेलेला नाही तो. रस्त्याकडे बघ, नाहीतर तिघंही जाऊ."

डॉक्टर टूमीने बिशपला तपासलं, छातीचे एक्स-रे फोटो काढले, वजन केलं. फुप्फुसात संसर्ग. वजन एक किलोच्या वर उतरलं होतं. दर तीन दिवसांनी पुढच्या पायाच्या दंडात इंजेक्शन, अशी दहा. खोली तीस अंशांची, आणि दिव्याखालचा दगड पन्नासच्या वर तापलेला. रोज कोमट पाण्यात पाऊण तास बसवायचं. खायला इतक्यात काही नाही, कारण अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही, सडतं.

"वाचेल?" लेसने विचारलं.

"पहिले दहा दिवस काढले तर बहुतेक वाचेल," ती म्हणाली. तिने खोटा धीर दिला नाही, याचं लेसला बरं वाटलं आणि रागही आला.

घरी आल्यावर न्हाणीघर बिशपचं झालं. भावंडं शेजाऱ्यांकडे अंघोळीला जायला लागली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं लेस दर दहा मिनिटांनी थर्मामीटर बघायचा. तीन लावले होते, आणि तिघांचं एकमत झाल्याशिवाय त्याचा विश्वास बसायचा नाही. पहिल्या इंजेक्शनला त्याचे हात इतके थरथरले, की सुई टबाखाली गेली.

"सरक तिकडे," नोएलीनने बाह्या वर केल्या. "चार पायांचं काही दिसलं की तुला कापरं भरतं. धर डोकं. डोकं रे, माझा हात नव्हे!"

तिने इंजेक्शन दिलं. बिशप हललाही नाही. सुई टोचली तरी हलू नये, हे दोघांनाही खुपलं.

सहाव्या दिवशी गावातली डॉट ताटभर लॅमिंग्टन घेऊन आली. नारळात घोळवलेले ते केक आमच्याकडे वाढदिवसालाही करतात आणि कुणी गेलं तरी नेतात. डॉट दारात मान खाली घालून उभी होती, म्हणजे कशाचे आणले ते उघड होतं.

"ऐकलं मी, लेस. फार वाईट झालं," ती म्हणाली.

"काही झालेलं नाही!" लेस ओरडला. "जिवंत आहे तो. घेऊन जा ते!"

"ठेव गं ठेव," नोएलीन आतून म्हणाली. "तो नको म्हणतोय तर मी खाते. मला कुठे सुतक आहे?"

आठव्या दिवशी टिकटिक वाढली. बिशप तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. लेस टबाच्या कडेवर बसून राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका प्राण्याची माफी मागितली, मोठ्याने, शब्दांत. "मला वाटलं तुला बरं वाटतंय. तू गप्प होतास म्हणून." नोएलीन बाहेर टॉवेल घड्या घालत होती, तिने ऐकलं. ती तशीच मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही.

दहावा दिवस गेला. अकरावा गेला. बाराव्या दिवशी बुडबुडे दिसले नाहीत. चौदाव्या दिवशी डॉक्टरने फोनवर परवानगी दिली आणि लेसने लावा पक्ष्याचं अंडं फेटून पिचकारीने ओठाच्या कडेला लावलं. बिशपने ते गळू दिलं. लेसचा चेहरा उतरला.

सहावं इंजेक्शन सतराव्या दिवशी होतं. नोएलीनने नेहमीप्रमाणे दंड पकडला, सुई टेकवली, आणि बिशपचा गळा फुग्यासारखा फुगला. खोलीभर फुस्स झालं. मग शेपटी फिरली. नोएलीनचा चष्मा एकीकडे, औषधांचा ट्रे दुसरीकडे, साबण थेट टबात.

"मारलं! मारलं मेल्याने!" नोएलीन गालावर हात धरून किंचाळली. गालावर लाल वळ उठला होता आणि ती खदाखदा हसत होती. "लेस, बघ! कसला जोर आहे!"

लेस हसता हसता रडत होता. नाक पुसायला रुमाल नव्हता म्हणून त्याने बिशपचाच टॉवेल घेतला. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते सत्तरी ओलांडल्यावर त्याला कळलं. त्या संध्याकाळी बिशपची जीभ बाहेर आली, अंडं शोधून गेली, आणि कवच चाटूनपुसून साफ झालं. चार दिवसांनी त्याने टबात घाण केली, म्हणजे खाल्लेलं पचलं. लेसने दवाखान्यात फोन करून ही बातमी अशी सांगितली, की पलीकडच्या मुलीने मुलगा की मुलगी म्हणून विचारलं.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टर टूमीने पुन्हा फोटो काढले. फुप्फुसं स्वच्छ. "ऊन असेल तर दुपारी बाहेर सोडा," ती म्हणाली. "आणि मिस्टर टॉलहर्स्ट, चुकला होतात, पण सांभाळलंत छान."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ऊन चांगलं तापल्यावर बिशप पायरी उतरला. अंग उतरलेलं, कातडी सैल, पण मान ताठ. लेस दोन पावलं मागे. बिशप थेट मागच्या कुंपणाकडे, मोठ्या झाडापलीकडे गेला. त्या बाजूला लेस महिनाभर फिरकलाच नव्हता. तिथे एक खड्डा होता. बिशपने काठावर थांबून जीभ काढली, खाली उतरला आणि लांब पसरला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत नेमका मावला. तळ सारखा केलेला होता, त्यावर ऊन पडलं होतं, बिशपने डोळे मिटले.

लेसने ते पाहिलं. मग हाक मारली, "नोल! हा खड्डा कसला?"

नोएलीन हात पुसत आली. खड्ड्यात कोण पडलंय ते बघून थबकली. "लिंबाचं झाड लावायचंय," ती म्हणाली.

"पाच फूट लांब?"

"मुळं पसरतात त्याची."

तिने नजर चुकवली आणि मग एकदम चिडून म्हणाली, "बरं, नाही लावायचं लिंबू! त्या आठव्या दिवशी खणला. जमीन दगडासारखी होती, पहार घ्यावी लागली, तीन दिवस लागले. मला वाटलं, तो गेलाच तर तू स्वतः खणत बसशील. त्याला आपणच मारलं म्हणत एकेक ढेकूळ काढशील. ते मला बघवलं नसतं. झालं समाधान?"

तिने पटकन हात ॲप्रनमध्ये लपवले, पण लेसला दिसायचं ते दिसलं. दोन्ही तळव्यांना घट्टे होते. त्यानंतर त्याच हातांनी ती इंजेक्शनं देत होती, आणि शेजारी डोकं धरून बसलेल्या त्याला ते एकदाही दिसले नव्हते. लेस तरातरा शेडकडे गेला, फावडं घेऊन आला आणि खड्डा बुजवायला बाजूच्या मातीच्या ढिगात घातलं.

"अरे, थांब की!" नोएलीनने त्याचा दंड धरला. "आधी त्याला बाहेर तर येऊ दे."