पितळी मुठी

"धर."

डॉक्टर एवढंच म्हणाला. टेबलावर दोन पितळी मुठी होत्या. त्यांच्या तारा मागच्या यंत्रात गेलेल्या. मी धरल्या. कोणी मुसळानं हाड ठेचावं तसा झटका खांद्यापर्यंत गेला. दातावर दात आपटले. जीभ चावली. मी मटकन खाली बसली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाला. यंत्राबद्दल म्हणाला.

मग त्यानं गड्याला हाक मारली. "बिसाहू, मुठी धुऊन आण."

बिसाहू छत्तीसगडचा. त्यानं तारा सोडवल्या, मुठी फडक्यात गुंडाळून नेल्या, राखेनं घासल्या, तुळशीचं पाणी शिंपडून परत आणल्या. तोवर रोगी लोक समोरच्या ओसरीवर थांबून राहिले होते. कोणाचा हात लुळा, कोणाचं तोंड वाकडं. त्यांच्या हातात द्यायच्या मुठी माझ्या हातानं बाटल्या होत्या. मी मागच्या दारानं अंगणात गेली अन् थुंकली.

हे रोज सकाळी व्हायचं.

मी फुलचूरची. महाराची सून. नवरा गोंदियाच्या टेसनावर हमाली करायचा, मी कारखान्यात बिडी वळायची. एकदा हा डॉक्टर कारखान्याच्या मुनशीला तपासायला आला. आम्ही बाया ओळीनं बसून वळत होतो. तो माझ्यासमोर थांबला. माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलंच नाही, बोटांकडे पाहिलं. अन् ठेकेदाराला म्हणाला, "ही बाई मला द्या." जसं काही सूप मागावं.

त्याला विजेचं यंत्र बनवायचं होतं. लुळ्या अंगात वीज सोडली का अंग जागं होते, असं त्यानं कुठं तरी शिकलं होतं. गावात तेव्हा वीज नव्हती. त्याच्याजवळ तेजाबाच्या दोन-चार बॅटऱ्या होत्या. त्यांची वीज एवढी हलकी, का बोट लावलं तरी कळत नव्हतं. तिला जोरदार करायचं होतं. त्यासाठी लोखंडी सळ्यांची एक जुडी, तिच्यावर जाड तारेचे थोडे वेढे, अन् त्याच्यावर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. ते वेढे माझे. एक थर झाला का मेणकागद, पुन्हा थर, पुन्हा मेणकागद. पुढं एक लोखंडी पट्टी बसवली होती. ती फडफडायची, बॅटरीची वीज जोडायची-तोडायची, अन् दर तुटण्याला बारीक तारेत एक धक्का उठायचा. तो धक्का काचेच्या बरणीत साठवायचा. बरणीला आतून-बाहेरून कथलाचा पत्रा चिकटवला होता. धक्क्यावर धक्का, बरणी भरत जायची.

हे मला डॉक्टरनं समजावलं नाही. तो रोग्यांना सांगे, मी मागच्या पडवीत बसून ऐके.

बरण्या घरच्याच होत्या, लोणच्याच्या. मी एक उचलली तर डॉक्टरच्या घरच्या बाईसाहेब दारातूनच ओरडल्या, "तिचा हात लागला! ती बरणी आता घरात नको."

अन् तार! त्या तारेचा राग मी अजून विसरली नाही. महिनाभर वळायची. पाठ मोडायची. डोळ्यातून पाणी यायचं. मग यंत्र सुरू केलं का आतल्या आत चट् असा आवाज, जळक्या मेणाचा वास, अन् सगळं खलास. आत कुठंतरी ठिणगी कागद फोडून गेलेली. कुठं, ते दिसायचं नाही. पुन्हा सगळी तार उकलायची. उकलताना तुटायची. जोड द्यायचा. पावसाळ्यात तर कागद ओल धरायचा, मेण बसायचं नाही. डॉक्टरलाही ते माहीत होतं. तरी तो चिडला का म्हणायचा, "तुझाच विटाळ लागला असेल."

मी म्हणायची, "डॉक्टरसाहेब, मंग मलेच कायले बसवता?"

"तोंड चालवू नकोस. हात चालव."

तीनदा जळलं. चौथ्यांदा टिकलं. तेव्हापासून मुठी धरायचं काम माझं झालं. बरणी भरली का नाही, हे माझ्या अंगावर पाहायचं.

मग एका सकाळी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, बायको आली. एका हातानं लुळी. दिवाणखान्यात गादी टाकली. सोबत तिचा भाऊ अन् चार माणसं. मला आत बोलावलं. मी पाहिलं, तर टेबलावर एकीच्या जागी चार बरण्या होत्या, तारेनं एकत्र जोडलेल्या. डॉक्टरनं पट्टी सुरू केली. बराच वेळ फडफडली. मग त्यानं लाकडी दांड्याची तार बरण्यांजवळ नेली. फाटकन आवाज झाला. निळी ठिणगी पडली. गादीवरची बाई दचकली.

"घाबरू नका," डॉक्टर तिला म्हणाला. "आधी हिच्यावर पाहू. माणसाला किती सोसतं ते कळेल."

बरण्या पुन्हा भरल्या. मुठी माझ्याकडे सरकवल्या.

"धर."

माझे हात मागं गेले. मी नेले नाही, आपणच गेले. मग मी ते तिथंच ठेवले.

"मी नाही धरत."

"काय?"

"नाही धरत. बाईसाहेबांले बोलवा. नाही तं तुम्ही धरा."

डॉक्टरचं तोंड लाल झालं. "उद्यापासून काम नाही तुला."

"नोको देऊ."

तो बिसाहूकडे वळला. बिसाहू भिंतीला टेकला. "मैं नइ धरौं, साहब."

मालगुजाराच्या बायकोचा भाऊ म्हणाला, "डॉक्टर, तुम्हीच दाखवा ना एकदा धरून."

डॉक्टरनं मुठींकडे पाहिलं. अन् पट्टी बंद केली. "आज हवा दमट आहे," म्हणाला.

मी त्या दिवशी समोरच्या दारानं बाहेर पडली.

गोड काही झालं नाही. ठेकेदारानं मला बिडी वळायला पान-तंबाखू देणं बंद केलं. नवरा ओरडला, "काऊन तोंड उघडलं? एक झटकाच तं होता." आठ दिवसांनी बिसाहू वस्तीत आला. तार पुन्हा जळली होती. "साहब बलावत हे," म्हणाला. रोजी वाढवून देतो म्हणे. मी नाही आली तर दुसरी कोणी बाई पाठवा म्हणे.

तेव्हा मी घराघरात गेली. काय होते त्या खोलीत, कसं होते, मुठी नंतर कशा धुतात, सगळं सांगितलं. शेजारीण म्हणाली, "अन् खायाचं काय?" तरी ती गेली नाही. कोणीच गेलं नाही.

भूक आमच्या ओळखीची आहे. तिच्याशी आम्ही भांडू. पण दुसऱ्याच्या अंगाला किती सोसतं हे पाहायला माझं अंग आता मिळणार नाही. कोणालाच नाही. कोणत्याच रोजीवर नाही.