कुत्र्याच्या गोष्टीचं शेवटचं पान

मुलांच्या पुस्तकात कुत्रा दिसला की मी आधी शेवटचं पान बघते. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून मला एवढं कळलंय, की मुखपृष्ठावर कुत्रा असेल तर तो शेवटच्या दोन-तीन पानांत मरणार. मांजर जगते, पोपट उडून जातो, कुत्र्याला मात्र लेखक सोडत नाहीत. मुलगा शहाणा व्हायला हवा ना, मग घाला कुत्र्यावर कुऱ्हाड. या मंडळींवर माझा जुना राग आहे.

तरी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असलंच एक पुस्तक मी आईला वाचून दाखवायला घेतलं. वाचून दाखवणं ही आमच्या घरची जुनी रीत. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावात आई बिड्या वळायची. हात तेंदूच्या पानात अडकलेले, कान मोकळे. शाळेतून आणलेलं पुस्तक मी मोठ्यानं वाचायचे आणि आई अन् शेजारच्या दोघीतिघी ऐकायच्या. आता बिड्या सुटल्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, पण ऐकण्याची हौस शाबूत आहे. मी थांबले की लगेच 'मंग?' म्हणते.

पुस्तक होतं कुठल्याशा बर्फाच्या देशातलं, मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याचं. वाचन चालू असताना खाटेखाली आमचा म्हातारा कुत्रा पडलेला असे. चौदा वर्षांचा. त्याला नाव कधी ठेवलंच नाही. आई त्याला 'पोट्ट्या' म्हणायची, आणि माझ्या भावालाही तेच म्हणायची. भाऊ गावी आलेला असला, की हाकेला बहुतेक वेळा कुत्राच आधी यायचा.

त्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की याच्या किडन्या गेल्यात, फार तर दहा-पंधरा दिवस. आईला मी बोलले नाही. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख गोंदियाला पक्की झाली होती. आधीच्या दोन तारखा तिनं मोडल्या होत्या, एक धानाच्या रोवणीसाठी आणि एक उगाच. ऑपरेशननंतर पंधरा दिवस गोंदियात भावाकडेच राहायचं होतं. कुत्रा जाणार हे कळलं असतं तर ती जागची हलली नसती. ती त्याच्या अंगावरून हात फिरवून म्हणायची, याच्या बरगड्या हाताला लागतात. मी म्हणायचे, वय झालं त्याचं.

शेवटचा भाग आला. मुलगा शिकायला शहरात जातो. कुत्रा रोज रस्त्याच्या वळणावर जाऊन त्याची वाट बघतो आणि एका सकाळी तिथंच बर्फात मरतो. मुलाला पत्रानं कळतं. ते पान समोर आलं, पण मी ते वाचलंच नाही. मग पुस्तकावरची नजर न काढता मी मनानंच रचत गेले. मुलगा सुट्टीत घरी आला, कुत्रा शेपटी हलवत धावला, आजार कुठल्या कुठं पळाला. भरात येऊन मी त्या कुत्र्याला भात आणि आमच्या तळ्यातले, बोडीतले मासेही खाऊ घातले.

आई हसायला लागली. बर्फात धान कुठून पिकलं, म्हणाली. आणि एवढा वेळ पान उलटल्याचा आवाज कसा आला नाही? जन्मभर दुसऱ्याचं वाचन ऐकलेल्या बाईला मी फसवायला निघाले होते. हसता हसता ती थांबली. खाटेखाली हात घालून तिनं कुत्र्याच्या पाठीवर ठेवला.

"मरते न तो कुत्रा?"

मी हो म्हटलं.

"अन् आपला?"

मग मी सगळं सांगून टाकलं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फक्त खरा शेवट वाचायला सांगितला. मी वाचला, एक शब्द न गाळता. तो कुत्रा मेला तेव्हा पोरगा कुठं होता, तिनं विचारलं. शाळेत, मी म्हटलं.

"तुह्या परीक्षेच्या वक्ती मी तुले सांगतलं नाही," ती म्हणाली. "चुकलं माह्यं."

दहावीच्या परीक्षेला मी गोंदियाला मावशीकडे राहिले होते. घरी माझा पांढरा कुत्रा होता, माझ्या ताटातला अर्धा भात खाणारा. दुसऱ्या पेपरच्या दिवशी तो गेला. पुढचे पेपर बिघडू नयेत म्हणून मला कळवलं नाही, आणि परतल्यावरही सांगायचा कुणाला धीर झाला नाही. रानात गेला असेल, येईल, म्हणाले. दोन दिवस मी मोहाच्या झाडांखालून त्याला हाका मारत फिरले. मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना विचारत होते. त्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्या खाली बघून फुलं वेचत होत्या. शेवटी एका म्हातारीला राहवलं नाही, तिनं सांगितलं. घरात मात्र या गोष्टीवर कुणी कधी बोललं नव्हतं, मीही नाही. त्या दुपारी मी पंचावन्नाव्या वर्षी आईच्या खाटेवर बसून त्या पांढऱ्या कुत्र्यासाठी रडले.

ऑपरेशनची तारीख अर्थातच मोडली. भाऊ फोनवर तणतणला. डोळ्याच्या दवाखान्यात मीच फोन लावला, हातापाया पडून महिन्याभरानंतरची तारीख घेतली. आईनं अंथरूण खाली जमिनीवर घातलं. चमच्यानं पेज भरवायची ती, निम्मी सांडायची, आणि त्याच्याशी दिवसभर काहीबाही बोलायची. मला वाचून दाखवायलाही सवड मिळत नव्हती.

नवव्या दिवशी तो गेला. सकाळची उन्हं ओसरीवर आली होती. त्याचा श्वास लांबत चालला तसं आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एक हात छातीवर, एक कानामागे. मी शेजारी बसले होते.

"डोरे उघडे आहेत का त्याचे?"

तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसतं धुरकट काहीतरी. डोळे उघडे आहेत, मी सांगितलं, आणि तुझ्याकडंच बघतोय. खरंच बघत होता. माझ्या पदरचं मी त्यात काही घातलं नव्हतं.

"बघू दे मंग," आई म्हणाली, आणि त्याला नीट दिसावं म्हणून आणखी खाली वाकली.