दत्तोपंत मास्तरांची शर्यत

दत्तोपंत मास्तर फटफटीवर बसण्यापूर्वी काळ्या टोपीला हनुवटीखालून सुतळी बांधत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचत आणि समोर कोणी असो-नसो, "चला, बाजूला व्हा!" असं ओरडत. उमरग्याच्या हायस्कुलात मी नवा शिक्षक म्हणून हजर झालो, त्या दिवशी फाटकातच मला त्यांचं असं दर्शन झालं. मी बाजूला झालो. फटफटी सुरू व्हायला अकरा लाथा लागल्या. तोवर मी बाजूलाच उभा होतो.

ते गणित शिकवत. "अंदाज म्हणजे आळशी माणसाचं गणित," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी "तुळजापूर असंल की दोन तासांवर" म्हटलं, की विचारत, "कशानं? एस्टीनं की माझ्या गाडीनं?" गाडी इंग्रजी बनावटीची, संस्थान विलीन झाल्यावर हैदराबाद सोडून निघालेल्या एका लष्करी अंमलदाराकडून घेतलेली. तिच्याहून वेगवान गाडी जिल्ह्यात नाही, अशी त्यांची खात्री होती. गुरप्पा आडतदारांनी नवीकोरी लाल फटफटी आणली, तोवर ती खात्री टिकली.

गुरप्पांचं पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. सगळे त्यांना अप्पा म्हणत. "मास्तर, तुमची गाडी बोलती लई, पळती कमी," असं ते भर बाजारात म्हणाले. मास्तरांनी हैदराबादहून एक इंग्रजी मासिक मागवलं आणि अप्पांच्या आडतीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. 'जगात सगळ्यात वेगवान गाडी आमचीच' म्हणून विलायतेतले कारखानेही असेच भांडत होते. अट एकच : दुकानात मिळते तशीच गाडी पळवायची.

"आपलीही अट हीच," मास्तर म्हणाले. "फेरफार केला की ती गाडी न्हाय, सर्कस."

शर्यत रविवारी सकाळी, सोलापूरच्या रस्त्यावर ठरली. दाळिंब गावाच्या अलीकडं मैलाच्या दगडापाशी मी निशाण घेऊन उभा राहिलो. आधी आवाज आला, मग धूळ, मग मास्तर. एक बैलगाडीभर पुढं होते. टोपी सुतळीला लटकून पाठीवर आपटत होती. अप्पांनी उतरून, स्वतःसाठी आणलेला हार मास्तरांच्या गळ्यात घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर माझ्या खोलीवर आले. हात तेलानं काळे.

"गाडी पुसताना दात मोजले," ते म्हणाले. "मागच्या चाकाचं, चेन फिरते ते चक्र बदललंय. चार दात कमी आहेत."

कमी दात म्हणजे सपाट रस्त्यावर जास्त वेग, एवढं मलाही कळत होतं. शर्यतीआधी गाडी रशीद मिस्त्रींनी साफ केली होती. आम्ही त्यांच्याकडं गेलो. ते मान खाली घालून म्हणाले, "मास्टरसाब, गांव की इज्जत का सवाल था."

"गावाची? मग गुरप्पा काय परगावचे आहेत?"

परतताना मी म्हणालो, "मास्तर, जाऊ द्या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," ते म्हणाले. "उत्तर आधी ठरवून मागनं रीत लिहिणाऱ्या पोराला मी शून्य देतो."

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं त्यांच्या घरून कळलं. बाजाराच्या दिवशी भरल्या आडतीत ते उभे राहिले. हातात तो सुकलेला हार.

"गुरप्पा, मी लबाडीनं जिंकलो. अजाणता, पण लबाडीनंच. हा घ्या."

अप्पांनी हाराकडं बघितलं. "अय्यय्यो मास्तर! जिंकलेलं कुणी परत करतंय व्हय?"

"करतंय. आणि रविवारी परत पळायचं."

जुनं चक्र बसवून मास्तर पुन्हा पळाले आणि चांगल्या दोन बैलगाड्यांनी हरले. सोमवारी आठवीच्या फळ्यावर उदाहरण होतं : दोन फटफट्या, दोन वेग, मागची किती मागं राहील? एका मुलीनं उभं राहून विचारलं, "सर, मागं राहिले ते तुमीच ना?"

"व्हय. पण मार्क उत्तराला आहेत, चौकशीला न्हाईत. बस."

दोन वर्षांनी त्यांची बदली तुळजापूरला, म्हणजे त्यांच्या घरच्याच गावी झाली. सामान एस्टीनं पुढं गेलं, मास्तर फटफटीवर निघाले. नळदुर्गपर्यंत पोचवायला अप्पा निघाले, त्यांच्या मागच्या सीटवर मी. रस्ता मोकळा होता, लाल गाडी नुसती हुंकारत होती.

"अप्पा, आपण पुढं निघू की," मी कानाशी ओरडलो.

"निघंल की गाडी. पण न्हाय काढायची," अप्पा म्हणाले.

नळदुर्गाच्या तिठ्यावर मास्तर आधीच पोचले होते. टोपी सारखी करत ऐटीत उभे होते. "बघितलंत? शेवटपर्यंत गाठता आलं न्हाय तुम्हाला!"

"न्हाय बा," अप्पा म्हणाले, आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. "तुमच्या गाडीची धूळ लई, मास्तर."