मेडिकलसाठी घेतलेल्या गोळ्या

आमच्या ह्यांना कंपनीत पर्मनंट करणार हे कळल्यावर मी शेजारणींना पेढेसुद्धा वाटून मोकळी झाले होते. इतकी वर्षं महाळुंग्यात कंत्राटावर काढलेली. आता राहिली होती फक्त मेडिकल. त्यात साखर निघाली की सगळं मुसळ केरात! आणि ह्यांना दोन वर्षांपासून साखर.

मेडिकल मोशीतल्या एका लहानशा दवाखान्यात होती. मीही सोबत गेले, घरी बसून जीव थोडाच थाऱ्यावर राहणार होता. ह्यांनी रक्त दिलं आणि आम्ही पुढच्या तपासणीसाठी बाकावर बसलो. ह्यांच्याबरोबर पर्मनंट होणारी सगळी मंडळी तिथंच ओळीनं बसलेली, सगळे उपाशीपोटी. थोड्या वेळात ह्यांना दरदरून घाम फुटला. मला वाटलं, घाबरलेत. मग माझ्यावरच खेकसले, मशीन बंद कर म्हणे. कसलं मशीन, कुठलं मशीन! मी काही बोलायच्या आत हे बाकावरून घसरून खाली पडले. मी किंचाळले की नुसती बघत उभी राहिले, मला खरंच आठवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी बोट टोचून साखर बघितली आणि लगेच सलाईन लावलं. साखर जास्त निघू नये म्हणून मी देव पाण्यात घालून आले होते, आणि इथं साखर कमी होऊन माणूस हातचा जायची वेळ आलेली. जरा शुद्ध आल्यावर बाईंनी विचारलं, सकाळी काय घेतलंत?

"चार गोळ्या," हे म्हणाले. "साखर कमी करायचीच गोळी आहे ना, म्हटलं चार घेतल्या की नॉर्मल येईल."

मला संताप आला. औषधाच्या दुकानात कात्रीनं पाकीट कापून देतात, गोळीचं नाव अर्धं आमच्याकडे, अर्धं त्यांच्याकडे. वर पेनानं एक रेघ, म्हणजे दिवसाला एक. चिठ्ठीवरचं इंग्रजी कुणाच्या बापाला कळतंय? ही घेऊन उपाशी राहू नका, जास्त घेतली तर जीव जाईल, एवढं मराठीत सांगितलं असतं तर कुणाची जीभ झडली असती का?

बाईंनी मात्र तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ही गोळी साखर खाली आणते, आणि जास्त झाली तर खाली आणतच राहते. पोटात अन्न नसेल तर आणखी लवकर. घाम, थरथर, बरळणं सुरू झालं की माणूस गिळू शकतोय तोवर आधी साखर खायला द्यायची आणि दवाखाना गाठायचा. अर्धा कप चहा पिऊन व्हायच्या आत सांगून झालं त्यांचं. दोन वर्षांत एवढं कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला.

मग बाकाच्या टोकाचा एक माणूस भिंतीला धरून उठला. त्याचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मी तीनच घेतल्यात. मलाबी साखर द्या."