देवीच्या फोटोमागची डबी
कापराचा वास आला की मला अजून ती खंडेनवमीची पूजा आठवते. धाराशिवच्या एका व्यापारी संकुलातली दारं, लिफ्ट, पंखे एकाच संगणकावर चालत आणि तो मी सांभाळायचो. येरमाळ्याच्या यात्रेतूनही मोबाइलवर सगळं हाताळता यावं, म्हणून मी गुपचूप सिमकार्डावर इंटरनेट देणारी एक डबी त्याला जोडून देवीच्या फोटोमागं लपवली होती. बाहेरून कुणी या संगणकात शिरू शकतं का, हे तपासायला मालकांनी एक बाई बोलावल्या. फोटोकडं त्यांचा हात गेला तसा मी म्हणालो, "खंडेनवमीची पूजा मांडलीय ताई, देवीला हलवू नका." त्यांनी नमस्कार केला आणि धोका नाही असं लिहून दिलं. आठ दिवसांनी भरदुपारी कुणीतरी त्याच डबीतून शिरलं. दारं बंद झाली, लिफ्ट मधेच थांबली आणि झाडणाऱ्या मावशी तिच्यात अडकल्या. "काका, लई गुदमरतंय, उघडा की वो!" लिफ्टच्या दारावरच्या थापांचा आवाज हळूहळू मंदावत गेला. मला कारण ठाऊक होतं, पण शेजारी उभ्या मालकांसमोर फोटो हलवायची छाती होईना. त्यांना लिफ्टची किल्ली आणायच्या निमित्तानं पिटाळलं, मगच डबी उपटून संगणक पुन्हा चालू केला. मावशी बाहेर आल्या त्या भिंत धरूनच. "त्या बाईनं तपासलं तरी काय?" मालक कडाडले. बाईंचं काम गेलं, मी गप्प राहिलो. आज लिहून ठेवतो: त्यांची चूक एवढीच, की त्यांनी माझ्या देवीचा मान राखला.